घरगुती ब्रेड मशीन: ८,००० रुपयांच्या आत कोणते घ्यावे?

बंदरकाठ (हर्णै)

नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यात हर्णैजवळच्या एका वाडीत राहतो. घरात चार माणसे आहेत. सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पाववाला गेल्या पावसाळ्यापासून येईनासा झाला आणि दापोलीहून आणलेल्या पिशवीतल्या ब्रेडला दमट हवेत तिसऱ्याच दिवशी बुरशी धरते, म्हणून ब्रेड मशीन घेण्याचा विचार आहे. ८,००० रुपयांच्या वर जाण्याची तयारी नाही. कुठल्या यंत्रावर बारा, तर कुठल्यावर एकोणीस प्रोग्रॅम असल्याचे लिहिलेले असते. त्यांचा खरोखर उपयोग होतो का? पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून दोन-चार वेळा तरी जाते. शिवाय अमेरिकेतला भाचा आपले जुने यंत्र फुकट देऊ म्हणतो, ते आणावे का? सासूबाईंना दातांमुळे मऊ ब्रेड लागतो आणि मला मैदा कमी वापरायचा आहे. या दोन अटी कितपत जुळतील तेही कृपया सांगावे.

घावनेवाली (वेंगुर्ला)

मी चार वर्षे असे यंत्र वापरत आहे. प्रोग्रॅमच्या संख्येकडे लक्ष देऊ नका. माझ्या वापरात साधा ब्रेड, गव्हाचा ब्रेड, नुसते पीठ मळून फुगवणे आणि नुसते भाजणे एवढे चारच आहेत. जॅम आणि दह्याची बटणे अजून कोरी आहेत. यांतला नुसत्या भाजण्याचा प्रोग्रॅम मात्र नसेल, तर ते यंत्र आपल्या भागात घेऊच नये. साध्या ब्रेडला तीन ते चार तास लागतात. बऱ्याच यंत्रांत वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे आठवण राहते, स्वस्त यंत्रांत तीही नसते, आणि आपली वीज काही पंधरा मिनिटांत परत येणाऱ्यांतली नव्हे. पीठ फुगत असताना वीज गेली तर ते भांड्यातच फुगू द्यावे आणि वीज आल्यावर फक्त भाजण्याचे बटण दाबावे. माझे कितीतरी ब्रेड असे वाचले आहेत. भाजणे अर्ध्यावर थांबून भांडे पार निवले, तर मात्र त्या ब्रेडची आशा सोडावी.

आता मैद्याविषयी. चक्कीच्या गव्हाच्या पिठाला पाणी जास्त लागते आणि त्यातला कोंडा फुगवट्याला आडवा येतो, त्यामुळे निव्वळ कणकेचा ब्रेड चविष्ट झाला तरी घट्ट होतो. सासूबाईंसाठी निम्मे-निम्मे घ्यावे: २०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम कणीक, साधारण २८० मिली पाणी, ७ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि दोन चमचे तेल. चार माणसांना एवढा ब्रेड पुरतो. म्हणून ७०० ग्रॅमपर्यंतचा ब्रेड करणारे यंत्र पाहावे. मळणे सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहण्यात काहीही गैर नाही. गोळा गुळगुळीत आणि बोटाला किंचित चिकटणारा असावा. जुलैत पीठच ओलावा धरून असते, तेव्हा पाणी चमचा-दोन चमचे कमी घालावे लागते. मे महिन्यात उलट फ्रिजमधले पाणी वापरावे, नाहीतर पीठ वेळेआधी फुगून ब्रेड मधोमध खचतो. यीस्टचे पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवावे. आपल्या हवेत ते फडताळात टिकत नाही.

पाना-पक्कड (चिपळूण)

भाच्याचे यंत्र आणू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. यंत्र ६०० वॉटचे असेल तर किमान १,००० व्हीए क्षमतेचा, व्होल्टेज उतरवणारा (स्टेपडाउन) ट्रान्सफॉर्मर लागेल. तो चांगला जड असतो, त्याच्या किमतीत तुमच्या अंदाजपत्रकाचा मोठा वाटा जाईल, आणि त्याने व्होल्टेज उतरले तरी हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे कित्येक यंत्रांची मोटर धिमी फिरते.

नवे घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: मळणीचे पाते आणि आतले भांडे सुटे मिळते का? यंत्राची मोटर सहसा आधी जात नाही. भांड्याच्या तळाशी असलेल्या दांड्याचे रबरी सील झिजते, पाणी खाली झिरपते आणि खाऱ्या हवेत दांडा गंजून अडकतो. भांडे कधीही पाण्यात बुडवून ठेवू नये. आत कोमट पाणी ओतून पाते सैल करावे, धुतल्यावर उपडे न ठेवता दांडा पुसून कोरडा करावा.

भट्टीचा पाव (रत्नागिरी)

माझे मत थोडे वेगळे आहे. तेवढ्याच पैशांत चांगला ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) येतो, त्यात नानकटाईही होते, आणि पीठ हाताने मळायला पंधरा मिनिटे पुरतात. यंत्रातून निघणारा चौकोनी ब्रेड, ज्याच्या बुडाला पात्याचे भोक असते, तो मिसळीबरोबर खाण्याचा लादी पाव नव्हे, हे आधीच मनाशी ठरवलेले बरे.

बंदरकाठ (हर्णै)

सर्वांचे आभार. भाच्याला नको म्हणून कळवले आहे. ओटीजीचा विचार मीही केला होता, परंतु आम्ही दोघेही सकाळी सातला शाळेवर जातो आणि पीठ मळून, फुगेपर्यंत थांबायला घरात कोणी नसते. टायमर लावून रात्री साहित्य घातले तर चालेल का?

घावनेवाली (वेंगुर्ला)

चालेल, परंतु दूध आणि अंडे घालू नये. आपल्या उकाड्यात ती रात्रभर टिकत नाहीत. आधी पाणी, मीठ आणि तेल, त्यावर पीठ आणि पिठाच्या मधोमध खळगा करून त्यात कोरडे यीस्ट, अशा क्रमाने भरावे, म्हणजे यीस्ट पाण्यापासून दूर राहते. यंत्र पहाटे पाचला पूर्ण होईल असे लावावे आणि ब्रेड लगेच बाहेर काढून जाळीवर ठेवावा. भांड्यातच राहिला तर वाफेने कडा ओल्या होतात. निदान अर्धा तास निवल्याशिवाय सुरी लावू नये.

बंदरकाठ (हर्णै)

शनिवारी चिपळूणला जाणे आहे. सुटे पाते दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही.