मदत हवी आहे: सिगारच्या पेटीतला काटा ७० म्हणतो, डिजिटल मीटर ५२. कोणाचं ऐकू?

भुसावळकर:

मंडळी, विषय जरा वेगळा आहे. पण लेन्सला लागलेल्या बुरशीपासून सतारीच्या भोपळ्याला गेलेल्या तड्यापर्यंत इथे सगळ्याला उत्तर मिळालेलं पाहिलंय, म्हणून विचारायचं धाडस करतोय.

थोरला भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. सुट्टीवर येताना सिगार आणतो आणि बोटीवर परत जाताना उरलेल्या माझ्या ताब्यात देतो. या खेपेला सिगार ठेवायची लाकडी पेटीच, म्हणजे ह्युमिडॉर, घेऊन आला. आतून स्पॅनिश सीडरच्या लाकडाचं अस्तर, झाकणाच्या आतल्या बाजूला हवेतल्या दमटपणाचा टक्का दाखवणारं, पितळी चौकटीतलं काट्याचं मीटर, आणि त्याच्या शेजारी चुंबकाने चिकटणारी काळी जाळीदार डबी. डबीत हिरवा स्पंज. "स्पंजला डिस्टिल्ड वॉटर पाज, काटा ६५ ते ७०च्या मध्ये ठेव," एवढं सांगून दादा गेला. आता येईल तो दिवाळीला. मी स्वतः ओढत नाही, नुसता राखणदार.

थंडी संपेपर्यंत सगळं ठीक होतं. आता मे लागलाय आणि भुसावळचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारची हवा अशी की दोरीवरचा पंचा वाळायला मिनिटं पुरतात. स्पंज चटचट सुकतोय. काटा मात्र ७०वरच ठाम! म्हणून शंका आली आणि बाजारातून एक साधं डिजिटल मीटर आणून पेटीच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात ठेवलं. ते ५२ दाखवतंय. खोलीत कूलर सुरू असला की थोडं वर जातं, लाइट गेली की परत खाली.

सिगारची अवस्था अशी: कोपऱ्यातली बोटांत धरून हलकेच दाबली तर कुरकुर आवाज येतो, आणि एकीचं बाहेरचं पान पट्टीच्या खालून उलगडायला लागलंय. याउलट स्पंजच्या अगदी खाली असलेल्या दोन-तीन मऊ पडल्यात आणि एकीवर पांढुरके ठिपके दिसतात. म्हणजे एकाच पेटीत दुष्काळ आणि ओला दुष्काळ दोन्ही.

प्रश्न असे. कोणतं मीटर खरं? ठिपके बुरशीचे की दुसरं काही? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही पेटी सांभाळायची कशी? चोवीस तास एसी लावणं परवडणारं नाही. आणि महिन्याभरात पाऊस सुरू झाला की उलटाच प्रश्न उभा राहणार.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

अहिराणी बाणा:

इतला खटाटोप कसाले भाऊ? दादाले सांग, बिडी वढ ना सरळ! (हलके घ्या.)

केळीबाग:

भो, आधी मीटर तपास, बाकीचं नंतर. मी रावेरकडे केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरवर असतो. आमच्याकडे दमटपणा नव्वदच्या आसपास सांभाळावा लागतो आणि तेवढ्या ओलीत स्वस्त मीटरं लवकर भरकटतात, त्यामुळे कोणत्याही नव्या मीटरवर आमचा पहिल्या दिवशी विश्वास नसतो.

घरचा उपाय मिठाचा. बाटलीच्या बुचात साधं मीठ घे, त्यात पाण्याचे थेंब टाक. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं गच्च झालं पाहिजे. ते बूच आणि दोन्ही मीटरं झिपच्या पिशवीत घालून पिशवी नीट बंद कर. पाणी मीटरवर सांडू देऊ नकोस. एक दिवस-रात्र हात लावू नकोस. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. आपल्यासाठी सोयीची गोष्ट म्हणजे २० अंशांना ७५ आणि ४० अंशांनाही जवळपास ७५च, म्हणून उन्हाळ्यात घरच्या खोलीतही ही परीक्षा चालते. पिशवीतच असताना आकडा वाच, बाहेर काढून नाही. ७५पेक्षा जितका कमी-जास्त, तितकी त्या मीटरची चूक. काट्याच्या मीटरला मागे स्क्रूची खाच असेल तर काटा फिरवून ७५वर आणता येतो. डिजिटलला तशी सोय नसेल तर फरक कागदावर लिहून मागे चिकटव.

आमच्याकडे अजून ओला-कोरडा थर्मामीटर वापरतात. एकसारखे दोन थर्मामीटर, एकाच्या पाऱ्याच्या गोळीला ओली मलमलची वात, वर पंख्याचा वारा. कोरडा ३० आणि ओला २२ दाखवत असेल तर दमटपणा साधारण ५० टक्के. ओला तोच २२, पण कोरडा ४०, तर दमटपणा २०. पेटीत हे मावणार नाही, पण खोलीतल्या हवेसाठी यासारखं खात्रीचं काही नाही.

यावरून दुसरा मुद्दा. टक्का हा तापमानाशी बांधलेला असतो. २० अंशांना ७० टक्के म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण १२ ग्रॅम वाफ. ४० अंशांना तेच ७० टक्के गाठायचे तर ३६ ग्रॅम लागते. आणि बाहेरची हवा दुपारी वीस टक्क्यांच्या घरात. तुझा तो हिरवा स्पंज बिचारा अख्ख्या भुसावळला पाणी पाजतोय.

समुद्रपक्षी:

मी सिगारवाला आहे, पुण्यात असतो, माहेर धुळे. वरच्या प्रतिसादाला +१. काट्याची मीटरं बहुतेक शोभेची असतात, मी तर पेटी आणल्या आणल्या काढून ठेवतो.

ठिपक्यांचं. बरेच जण सांगतील की ती "प्लूम" आहे, मुरलेल्या सिगारवर येणारी चांगली पूड. त्या नादाला लागू नका. मऊ पडलेल्या सिगारवर, नेमके स्पंजखाली, पांढरे लवदार ठिपके आले तर ती बुरशीच. कोरड्या ब्रशने घराबाहेर झटकून ती सिगार वेगळ्या डब्यात ठेवा. पायाच्या, म्हणजे पेटवायच्या, टोकाला आत काळं-हिरवं दिसलं तर सरळ फेका. दादांना वाईट वाटेल, पण बाकीच्या वाचतील.

साध्या पाण्यात भिजलेला तो हिरवा फोम हेच दुखणं आहे. तो फक्त ओल देतो, परत घेत नाही. जवळच्या हवेत ७०च्या कितीतरी वर नेतो आणि लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. पूर्वी लोक त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालत, त्याने ७०च्या आसपास लगाम बसतो. आता सरळ दुतर्फा पाकिटं मिळतात, बोवेडा वगैरे. आत क्षारांचं संपृक्त द्रावण असतं, म्हणजे तत्त्व केळीबागवाल्या भाऊंच्या मिठाचंच, फक्त क्षार वेगळे निवडून ६२, ६५, ६९, ७२ असे ठरावीक आकडे साधलेले. हवा कोरडी झाली की ओल सोडतात, दमट झाली की शोषतात. ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण २५ सिगारना पुरतं. चाचपून आत कडक खडे लागले की संपलं. एका पेटीत दोन वेगळ्या आकड्यांची पाकिटं ठेवू नका, आपसात भांडत बसतात. आणि फोम काढून टाका.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी ६९च्या वाटेला जात नाही. ६२ किंवा ६५. गरम हवेत जास्त ओल म्हणजे बुरशीला आणि किड्याला आमंत्रण.

किड्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण दमटपणाच्या नादात लोक तापमान विसरतात. तंबाखूचा भुंगा, दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी जीव. अंडी तंबाखूच्या पानातच असू शकतात. गारव्यात ती निपचित पडून राहतात, पंचविशीच्या वर मात्र झपाट्याने वाढतात. सिगारला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली बारीक पूड दिसली तर समजा आलाच. हाच किडा साठवलेल्या हळदीलाही लागतो, तेव्हा पेटी हळद-मसाल्याच्या कोठीत अजिबात नको.

तापीकाठ:

हळदीच्या भुंग्याचं शंभर टक्के खरं. यावलला आमच्याकडे पोती चाळणीसारखी झालेली पाहिलीत.

अवांतर: तंबाखू ती तंबाखूच, दादाला सोडायला सांगा. झालं माझं सांगून.

भुसावळकर:

सर्वांचे मनापासून आभार. तापीकाठ, वहिनीही हेच सांगते, दादा ऐकतो फक्त कॅप्टनचं.

मिठाची परीक्षा केली. पिशवीतच वाचलं: डिजिटल ७२, काटा ८८! म्हणजे डिजिटल ३ने कमी सांगतं आणि काटा १३ने जास्त. पेटीतले आकडे त्या हिशेबाने दुरुस्त केले तर डिजिटलचे ५५ आणि काट्याचे ५७. दोघं मुळात एकच सांगत होते की! काट्याला मागे खाच आहे, पण फिरवल्यावर टिचकी मारली की तो परत घसरतो. काढूनच टाकला.

रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च पेटीत ठेवून झाकण लावलं. मागच्या बिजागरीपाशी प्रकाशाची बारीक रेघ दिसते. ओल तिथूनच जात असणार.

आता पुढचं. पाकिटं मागवतोय. पण फटीतून ओल जात असेल तर पाकीटही स्पंजसारखंच आटणार ना? आणि तापमानाचं काय? कूलरच्या खोलीत ३० अंश मिळतात, तेही लाइट असेल तर. छोटा वाइन कूलर घ्यावा का? की सरळ फ्रीजमध्ये ठेवू?

समुद्रपक्षी:

फ्रीज नको. आतली हवा कोरडी, शिवाय लसणाच्या चटणीचा वास सिगारला लागला की दादा तुम्हाला बोटीवर घेऊन जातील. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला, वाइन कूलर बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली नेतो. पुण्यात चालतो, तुमच्याकडे मेमध्ये हात टेकेल.

पेटीला चार महिने सुट्टी द्या. रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटके लागणारा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. नवा घ्या, लोणच्याचा धुतलेला नको. त्यात पेटीतल्या सीडरच्या फळ्या सुटत असतील तर त्या, सिगार, ६२चं पाकीट आणि डिजिटल मीटर. डबा दोन-तृतीयांश तरी भरलेला असू द्या. रिकाम्या डब्यात ऊन वाढलं की टक्का घसरतो. भरलेल्या डब्यात तंबाखू आणि लाकूडच ओल धरून ठेवतात, त्यामुळे आकडा फारसा हलत नाही. सिगारवाले हसतील प्लास्टिकला, हसू द्या. आपल्या हवेत लाकडी पेटीपेक्षा हाच डबा जास्त इमानी. पावसाळ्यातही तोच उपयोगी, बाहेरची ओल आत येत नाही.

वाळलेल्या सिगार एकदम ओलावू नका. आतला तंबाखू आधी फुगतो आणि वरचं पान फाटतं. काही आठवडे ६२वर, पाऊस पडून गारवा आला की ६५.

केळीबाग:

तापमानासाठी देशी उपाय सांगतो. गावाकडे धाब्याचं घर आहे का? मातीचं जाड छत आणि जाड भिंती, दुपारीही आत बाहेरच्या निम्मी झळ नसते. नसेल तर घरातली सगळ्यात खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली. हवाबंद डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेव आणि मोकळ्या जागेत साध्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. बर्फ नाही! बर्फाने एक बाजू गार पडून डब्यात घाम धरतो. साधं पाणी दिवसाची उष्णता हळू घेतं, रात्री हळू सोडतं, एवढंच पाहिजे. वीस अंश मिळणार नाहीत, पण दिवसा-रात्रीचा चढउतार मोडतो.

आणि डिस्टिल्ड वॉटर पुढे लागलं तर बॅटरीच्या दुकानातून घेताना बाटलीवरचं नाव वाच. शेजारीच ॲसिडच्या बाटल्या असतात. बोअरचं पाणी तर नकोच, आपल्याकडच्या पाण्याने किटलीत काय थर बसतो ते बघ.

भुसावळकर:

आजोळी वरणगावला धाब्याचं घर आहे, मामा एकटेच असतात. तिथेच हलवतो. मामांना फक्त सांगायला हवं की डब्यात काय आहे, नाहीतर दिवाळीपर्यंत उरायच्या नाहीत.

एकच शंका. किड्याची अंडी आधीच असली तर? तिथे पंचविशीच्या खाली जाणं मेमध्ये अशक्य आहे.

समुद्रपक्षी:

मग हलवायच्या आधी गोठवून घ्या. बुरशीची वगळून बाकी सगळ्या दोन झिप पिशव्यांत, एकात एक, हवा दाबून काढून. आधी एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग डीप फ्रीजरमध्ये उणे १८ला किमान तीन दिवस, मग परत एक दिवस खालच्या कप्प्यात, आणि शेवटी पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाहेर. घाई केली तर पान तडकतं, आणि गार असताना पिशवी उघडली तर सिगारवर पाणी धरतं. पिशवीतला फ्रीजमुक्काम चालतो, मघाशी नको म्हटलं ते उघडं ठेवण्याला. तुमच्याकडे लाइटचा खेळ आहे, त्यामुळे मध्ये वीज गेली तर तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

लाकडी पेटीत परत भरायचं दसऱ्याच्या सुमारास सुरू करा, दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही. आधी बिजागरीची फट सुताराकडून नीट करून घ्या, मग रिकाम्या पेटीत ८४चं पाकीट ठेवून दोन आठवडे झाकण बंद. लाकडाची तहान भागली की मग सिगार आणि ६५ किंवा ६९. ओल्या फडक्याने आतलं लाकूड पुसा असं कुणी सांगितलं तर पुसू नका, फळ्या वाकतात.