प्रॉडक्ट मॅनेजरच्या पगाराची बोलणी: आपले अनुभव लिहा

प्रॉडक्ट मॅनेजरचा पगार ठरवताना इतर तांत्रिक पदांपेक्षा एक अडचण अधिक असते, ती म्हणजे एकाच नावाच्या पदाचे काम प्रत्येक कंपनीत वेगळे असते. एखाद्या ठिकाणी त्याने जिरा (Jira) या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील कामांची क्रमवारी लावावी एवढीच अपेक्षा असते, तर दुसरीकडे वस्तूची किंमत काय ठेवावी आणि कोणती सुविधा बंद करावी हेही तोच ठरवतो. त्यामुळे मित्राला मिळालेल्या आकड्याचा आपल्याला फारसा उपयोग होत नाही. ज्यांनी ही बोलणी उमेदवार म्हणून किंवा कंपनीच्या बाजूने केली आहेत, त्यांनी येथे लिहावे. रक्कम सांगितली नाही तरी चालेल, परंतु बोलणी कोठे अडली, कशाने सुटली आणि ऑफर लेटरमध्ये अखेरीस काय लिहून मिळाले, ते सविस्तर सांगावे. सुरुवात मी करते.

पुणे, प्रॉडक्ट ओनर ते सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर

मी एका सेवा कंपनीत प्रॉडक्ट ओनर होते आणि पेमेंट क्षेत्रातील एका प्रॉडक्ट कंपनीत मुलाखती देत होते. माझे ठाम मत असे आहे की रकमेच्या आधी लेव्हल, म्हणजे पदाची पायरी, बोलावी, कारण प्रत्येक लेव्हलचा बँड, म्हणजे पगाराची किमान आणि कमाल मर्यादा, आधीच ठरलेला असतो आणि त्याच्या वरच्या टोकापलीकडे जाण्याचा अधिकार रिक्रूटरला बहुधा नसतो. मला प्रॉडक्ट मॅनेजर या लेव्हलची ऑफर येणार असल्याचे कळले, तेव्हा मी पगारावर काहीही न बोलता, वरच्या लेव्हलसाठी कंपनी नेमके काय पाहते, हे विचारले. उत्तर स्पष्ट होते: निर्णय कोणाचा होता आणि त्याचा परिणाम कशावर मोजला गेला. त्यावर मी अडकलेल्या रिफंडच्या प्रक्रियेत कोणता निर्णय स्वतः घेतला, कोणाचा विरोध होता आणि त्यानंतर ग्राहकांच्या तक्रारी कशा घटल्या, हे एका पानात लिहून पाठवले. प्रॉडक्टच्या प्रमुखांनी आणखी एक मुलाखत घेतली आणि लेव्हल बदलली. रकमेवर त्यानंतर जे बोलणे झाले ते अगदी थोडक्यात आटोपले.

बंगळूर, आधी इंजिनियर, आता प्रॉडक्ट मॅनेजर

ताईंच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु आपल्याकडे लेव्हल ठरल्यानंतरही सध्याचा पगार आडवा येतो. मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागवून त्यावर ठरावीक टक्के हाइक देण्याची पद्धत अजून रूढ आहे. मी आकडा खरा सांगितला. पुढे पडताळणीत फॉर्म १६ आणि पीएफच्या नोंदी पाहिल्या जाऊ शकतात, म्हणून फुगवलेला आकडा सांगणे चूक आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. मात्र त्याच ईमेलमध्ये मी लिहिले की माझा सध्याचा पगार इंजिनियरच्या कामाचा आहे, नवे काम वेगळे आहे, आणि म्हणून या पदाच्या बँडवरूनच बोलावे. तीन वेळा टक्केवारीचा विषय निघाला आणि तिन्ही वेळा मी बँडकडे परत आलो.

आणखी एक गोष्ट सीटीसीची, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाची. समजा सीटीसी ३६ लाख आणि त्यात मूळ वेतन १८ लाख आहे. कंपनीचा १२ टक्के पीएफ २,१६,००० रुपये होतो आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ८६,५०० रुपये. ही जवळजवळ तीन लाखांची रक्कम सीटीसीत दिसते, पण दरमहा हातात येत नाही, आणि कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतरच मिळते. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला पगाराचा भाग, त्याहून वेगळे. म्हणून सीटीसीची वर्गवारी लेखी मागितल्याशिवाय होकार देऊ नये.

मुंबई, स्टार्टअपमधील प्रॉडक्ट मॅनेजर

माझी बोलणी ईसॉपवर, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्कावर, झाली. ऑफरमध्ये शेअरची मोठी संख्या लिहिली होती, परंतु कंपनीचे एकूण शेअर किती आहेत हे कळल्याशिवाय त्या संख्येला काहीच अर्थ नसतो. मी चार गोष्टी विचारल्या: असे दिलेले सर्व हक्क धरून एकूण शेअर किती, एक्सरसाइजची, म्हणजे हक्क वापरून शेअर विकत घेण्याची, किंमत किती, मागील गुंतवणुकीच्या वेळचे मूल्यांकन काय, आणि नोकरी सोडल्यानंतर एक्सरसाइज करायला किती मुदत मिळेल. चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. एक्सरसाइज करताना बाजारमूल्य आणि आपण भरलेली किंमत यांतील फरक पगारासारखा करपात्र ठरतो, म्हणजे शेअर विकता येत नसतानाही कर भरावा लागू शकतो. हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पात आली, ती केवळ पात्र स्टार्टअपसाठी. माझ्या पत्रात नोकरी सोडल्यापासून ९० दिवसांची मुदत होती. कंपनीने फिक्स्ड पगार वाढवण्यास नकार दिला, पण ही मुदत वाढवून दिली. तिच्या तिजोरीतून त्या वेळी काहीच जात नव्हते, आणि मला मात्र तो बदल मोलाचा होता.

सिएटल, मूळची नाशिकची

येथील चित्र निराळे आहे. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तेथे १ जानेवारी २०२३ पासून १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीतच पगाराची श्रेणी द्यावी लागते, आणि आधीचा पगार विचारण्यावर २०१९ पासून बंदी आहे. तरीही श्रेणी इतकी रुंद असते की आपण तिच्यात कोठे बसतो हे विचारावेच लागते. एच-१बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसासाठी कंपन्यांनी दाखल केलेल्या अर्जांतील मूळ पगाराची माहिती अमेरिकेचे कामगार खाते प्रसिद्ध करते. मी ती पदाचे नाव आणि शहर लावून पाहिली होती. तिच्यात आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून टप्प्याटप्प्याने मिळणारे कंपनीचे शेअर, धरलेले नसतात, एवढे लक्षात ठेवावे. आरएसयू कोणत्या वर्षी किती मिळणार हेही पाहावे. अॅमेझॉनची चार वर्षांत अनुक्रमे ५, १५, ४० आणि ४० टक्के शेअर देण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. तेथे पहिल्या दोन वर्षांची तूट रोख बोनसने भरून काढली जाते.

हैदराबाद, भरती विभाग

मी समोरच्या बाजूला बसतो, म्हणून थोडे त्या बाजूचे. फिक्स्ड पगार वाढवणे आम्हाला कठीण जाते, कारण त्याच संघातील जुन्या माणसांच्या पगाराशी तुलना होते आणि वरची मंजुरी लागते. जॉइनिंग बोनस आणि ९० दिवसांच्या नोटीस पिरियडचा बायआउट (नोटीस पूर्ण न करता लवकर सुटण्यासाठी जुन्या कंपनीला भरायची रक्कम) ही एकदाच द्यायची रक्कम असल्याने लवकर मंजूर होते. उमेदवाराने सर्व मागण्या एकत्र आणि लेखी द्याव्यात, ही माझी कळकळीची विनंती. मंजुरी मिळाल्यावर दुसरी मागणी आली की वरिष्ठ फाइल पुन्हा उघडायला तयार होत नाहीत.

जॉइनिंग बोनसबाबत मात्र सावध राहावे. वर्षभरात नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो आणि कित्येक पत्रांत परतफेड कर कापण्यापूर्वीच्या पूर्ण रकमेची असते. अलीकडे एका उमेदवाराने हे कलम वाचून, काम केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक परतफेड एक बारांशाने कमी व्हावी आणि ती हातात आलेल्या रकमेवर मोजावी, अशी मागणी केली. विधी विभागाने पहिला भाग मान्य केला, दुसरा नाही, आणि उमेदवाराने तेवढ्यावर सही केली.