मदत हवी आहे: कोंबुचासाठी घरामागची खोली तयार करायची आहे (फरशी, भांडी, उन्हाळा)

नमस्कार मंडळी,

पर्वती पायथ्याशी आमचं जुनं बैठं घर आहे. मागच्या अंगाला दहा बाय बाराची एक खोली आहे, सासूबाईंची साठवणीची. त्या होत्या तोवर तिथे लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे आणि वर्षाचे गहू असायचे. गेली चार वर्षं मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, करते. पाच लिटरच्या काचेच्या बरणीपासून सुरुवात केली. आता पंधरवड्याला वीस लिटर होतो आणि घर, माहेर, शेजार यांत तो आठ दिवसांत संपतो. म्हणून ती खोली फक्त या कामासाठी करायची ठरवलीय, एका खेपेला पन्नास-साठ लिटर निघेल अशी. विकायचा विचार नाही. पण खर्च एकदाच करायचाय, म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी इथे विचारतेय.

बिअरबद्दल आधीच सांगते, कारण घरी ब्रूअरी म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि मला ती करायचीही नाही. मात्र टाक्या, नळ, नळ्या, धुण्याची पद्धत हे सगळं बरंचसं तेच असतं. पुण्यात २००९पासून मायक्रोब्रूअरी आहेत, तेव्हा अशा ठिकाणी हात काळे केलेलं कोणी इथे असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

माझी पद्धत साधी आहे. लिटरला ७० ग्रॅम साखर, ५-६ ग्रॅम काळा चहा, गार झाल्यावर मागच्या खेपेचा दहावा हिस्सा विरजण म्हणून आणि वर स्कोबी, म्हणजे यीस्ट-बॅक्टेरियाची जाड साय. तोंडाला मांजरपाट बांधते. आधी मलमल बांधायचे, पण तिच्यातून चिलटं आत शिरतात आणि एकदा अळ्या झाल्या की सगळी बरणी ओतून द्यावी लागते. पीएच (आंबटपणाचं माप) पट्टीवर ३च्या आसपास आला की गाळून, आलं किंवा फळ घालून बाटल्यांत भरते. कॅम्पातल्या अर्देशीरच्या जिंजर सोड्यावर मी वाढले आहे, त्यामुळे आल्याच्या बाटल्या नेहमी जास्त.

आता अडचणी.

गेल्या मे महिन्यात हापूसचा रस घालून बारा बाटल्या भरल्या आणि ओट्यावर जागा नव्हती म्हणून या खोलीत ठेवल्या. भिंत पश्चिमेची, दुपारी खोलीत ३६ अंश. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनच्या सुमाराला आवाज झाला. दार उघडलं तर तीन बाटल्या गेल्या होत्या, रस छताला लागला होता आणि बोटभर लांबीचा काचेचा तुकडा खिडकीच्या सागवानी चौकटीत रुतून बसला होता. माझ्या गळ्याच्या उंचीला. तो मी काढलेला नाही, अजून तिथेच आहे. बाटल्या चौकोनी, क्लिपच्या बुचाच्या, दिसायला छान अशा होत्या. त्या सगळ्या टाकून दिल्या.

दुसरी अडचण फरशी. खोलीत शहाबादी आहे. बरणीच्या नळाखाली ठिबकून वाटीएवढे पांढुरके डाग पडलेत, हात फिरवला की खरखरीत लागतात. शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्याला आंबट खाणारच. हे कळायला मला दोन वर्षं लागली. गवंडी म्हणतो कोटा घाला, पण कोटाही चुनखडीचाच. मग काय घालू?

तिसरी गोष्ट भांड्यांची. मागे स्टीलचा म्हणून घेतलेला नळ निघाला पितळेचा, वर नुसता मुलामा. महिनाभरात आतला मुलामा गेला, कडेला हिरवट रेघ आली आणि चहाला नाणं चोखल्यासारखी चव. वीस लिटर मोरीत ओतले. तेव्हापासून तांब्या-पितळेचं काहीही जवळ आणत नाही. सासूबाईंच्या चिनी मातीच्या दोन मोठ्या बरण्या आहेत, वापराव्यात असं फार मनात आहे. पण जुन्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आंबटाने ते उतरतं, म्हणून त्यांत लाकडी चमचे ठेवलेत.

पन्नास लिटरची स्टीलची टाकी घ्यावी म्हणते. बिअरवाल्यांची निमुळत्या बुडाची उंच टाकी घेऊ का? खोलीला एसी लावू की नुसत्या टाकीचं तापमान सांभाळू? एप्रिलमध्ये माझा कोंबुचा पाच दिवसांत व्हिनेगर होतो, आणि डिसेंबरात पंधरा दिवस झाले तरी गोडच राहतो. पाण्याचंही सांगा. नळाचं पाणी मऊ आहे पण क्लोरिनचा वास येतो, आणि गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं.

टिगवाला

ताई, मी भोसरीत डेअरीच्या आणि बिअरच्या टाक्यांचं वेल्डिंग करतो. उंच टाकी घेऊ नका. बिअरच्या यीस्टला हवा नको असते, म्हणून ती टाकी उंच आणि बंद. तुमचं काम दोघांचं आहे. यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं आणि बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, त्यांना हवा लागते. ती वरच्या पृष्ठभागातूनच मिळते. उंच टाकीत तुमचा कोंबुचा रेंगाळेल. पसरट तोंडाची, उंचीपेक्षा रुंदी जास्त अशी दोन पंचवीस लिटरची भांडी घ्या. एक बिघडलं तर दुसऱ्यात विरजण राहतं.

३०४ ग्रेडचं स्टील चालेल, वर्षानुवर्षं आम्लच भरायचं असेल तर ३१६ चांगलं. पण ग्रेडपेक्षा आतली वेल्ड बघा. बोट फिरवून बघा, कुठेही खवले किंवा काळपट फुगवटा नको. मागून आर्गॉन वायू न सोडता केलेली वेल्ड आतून जळालेल्या साखरेसारखी दिसते आणि जंतू तिथेच घर करतात. बॉल व्हॉल्व्ह लावू नका, गोळ्याच्या मागे द्रव साचून राहतो. ट्राय-क्लोव्हर क्लॅम्पचा (हाताने सुटणाऱ्या पकडीचा) बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आत फिरणाऱ्या चकतीचा) घ्या, तो दोन मिनिटांत उघडून धुता येतो.

फरशीला फुल-बॉडी व्हिट्रिफाइड टाइल (आरपार एकाच मालाची), खरखरीत पृष्ठभागाची. सांधे इपॉक्सी ग्राउटने (राळेच्या भरावाने) भरून घ्या, सिमेंटचे सांधेही आम्लाने झिजतात. दहा फुटांना दीड इंच उतार.

बुधवारपेठी

काकू, खोलीला एसी लावून पैसे घालवू नका, तो थंडीत काही कामाचा नाही. जुना उभा डीप फ्रीझर घ्या, भांडी त्यात बसतील असा. एसटीसी-१००० कंट्रोलर (तापमान राखणारा) बुधवार पेठेत मिळतो. त्याला दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) असतात, एकावर फ्रीझर, दुसऱ्यावर छोटी हीटिंग केबल. २६ अंशांवर लावून ठेवा, मे आणि डिसेंबर सारखेच होतील. दिवसातून एकदा दार उघडून आतली हवा बदला, नाहीतर वर म्हटलेल्या बॅक्टेरियांना हवा कमी पडेल. ओल्या खोलीत वीज म्हणजे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) हवाच. त्यात काटकसर नको.

सगळं पाणी उकळत बसू नका. ५० लिटर पाणी २५ अंशांवरून ९५वर न्यायला चार युनिट वीज लागते आणि मग ते गार करायची पंचाईत. बारा लिटरमध्ये दाट चहा आणि साखर करा, बाकीचं कार्बन फिल्टरमधून गाळलेलं गार पाणी घाला. क्लोरिनही जातो. फूड ग्रेडचा शंभर लिटरचा पिंप बुधवारी भरून ठेवलात की गुरुवार निघतो.

बाटल्यांबद्दल: गोल, जाड काचेच्याच घ्या. प्रत्येक खेपेला सोड्याची एक प्लास्टिकची बाटलीही भरा, तेच मिश्रण, तीच जागा. ती दाबून बघत जा. कडक झाली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. फळाच्या बाटल्या बाहेर रेंगाळू देऊ नका. बंद बाटलीत अल्कोहोल वाढतो, आणि ०.५ टक्क्याच्या वर गेलं की पेय अल्कोहोलिक धरलं जातं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. उंच टाकीचा आगाऊ पैसा परवा भरणार होते, तो थांबवला. प्लास्टिकच्या बाटलीची युक्ती काल लगेच केली. आल्याची खेप २८ अंशांत तिसऱ्या दिवशी कडक झाली. मी पाच दिवस ठेवत होते.

आधी फरशी, मग फ्रीझर, भांडी शेवटी, असं ठरवलंय. आता एवढंच सांगा. न्हाणी ट्रॅप सध्या दाराजवळ आहे. उतार तिकडेच दिला तर येता-जाता पाय ओल्यात पडणार. मागच्या भिंतीला नवीन ट्रॅप घेतला तर बाहेर दहा फूट पाइप खणावा लागेल, आणि तिथे सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता आहे. त्याची मुळं न दुखवता पाइप भिंतीलगत नेता येईल का? गवंडी सोमवारी येतोय.