एलसॅट: ‘वीकन’ आणि ‘फ्लॉ’च्या प्रश्नांत शेवटच्या दोन पर्यायांवर गाडी अडते

मृण्मयी_स
एलसॅटच्या (अमेरिकेतल्या लॉ स्कूलांच्या प्रवेश परीक्षेच्या) लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या विभागाचा, सराव चालू आहे. ‘मेन पॉइंट’, ‘मस्ट बी ट्रू’ वगैरे ठीक जातात. युक्तिवादाची कच्ची बाजू शोधायची असली की पाचांतले तीन पर्याय लगेच बाद होतात आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा उचलला जातो. ‘वीकन’ (युक्तिवाद दुबळा करणारा पर्याय शोधा) आणि ‘फ्लॉ’ (युक्तिवादातली चूक ओळखा) एकाच पद्धतीने सोडवावेत की वेगळे? ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स (कोड्यांचा विभाग) गेले. गुण धरले जाणाऱ्या तीन विभागांतले दोन आता लॉजिकल रीझनिंगचेच आहेत, त्यामुळे हा प्रकार सोडून देता येत नाही.

शब्दशः
सुरुवात एकच, पुढची वाट वेगळी. पर्यायांकडे बघण्याआधी निष्कर्ष कोणता आणि तो कशाच्या जोरावर काढलाय, हे वेगळं करा. ‘देअरफोर’, ‘दस’, ‘हेन्स’ यांच्यापुढे निष्कर्ष येतो. ‘सिन्स’, ‘बिकॉज’, ‘आफ्टर ऑल’ यांच्यापुढे आधार. निष्कर्ष शेवटीच असतो असं धरू नका. ‘काही जण म्हणतात की... पण’ अशी सुरुवात असेल तर लेखकाचा निष्कर्ष बहुधा त्या ‘पण’च्या वाक्यातच असतो.

आधार खोटा पाडायचा नसतो, ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. दिलेली माहिती खरीच धरायची. कच्चेपणा असतो तो आधारापासून निष्कर्षापर्यंत मारलेल्या उडीत.

उदाहरण बघा. ‘एका शहराने ठरावीक चौकांत स्पीड कॅमेरे बसवले. पुढच्या दोन वर्षांत त्या चौकांतले अपघात ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे कॅमेऱ्यांमुळेच अपघात कमी झाले.’ हे दुबळं कशाने होईल?

अ) कॅमेऱ्यांच्या देखभालीचा खर्च अंदाजापेक्षा जास्त आला.
ब) त्याच काळात कॅमेरे नसलेल्या चौकांतले अपघातही जवळपास तेवढेच घटले.
क) काही चालक कॅमेऱ्यांसमोरूनही वेगाने जातात.
ड) कॅमेऱ्यांच्या चौकांत वेगमर्यादा मोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.
इ) कॅमेरे बसण्याआधीची दोन वर्षं शहरातली वाहनं वाढत होती.

इथली उडी ‘आधी हे झालं, नंतर ते झालं, म्हणून यामुळे ते झालं’ अशी आहे. ही एका ओळीत मनात म्हणून मगच पर्याय वाचायचे. अ चा कारणाशी संबंध नाही. क मधले ‘काही’ म्हणजे दोन माणसंही असू शकतात, आणि सगळेच चालक सुधारले असा दावा मुळात नाही. ड विषयाला धरून आहे, पण उलट्या दिशेने: तो युक्तिवाद बळकट करतो. घाईत सर्वाधिक चुका अशाच पर्यायावर होतात.

उरतात ब आणि इ, म्हणजे तुमची अडचण. इ दुसऱ्या कारणासारखा वाटतो. पण तो फक्त कॅमेऱ्यांआधीच्या काळाबद्दल बोलतो. नंतर वाहनं घटली असं तो सांगत नाही, ते आपण मनाने जोडतो. ब ला अशी पदरची भर लागत नाही. कॅमेरे नसतानाही घट तेवढीच, मग श्रेय कॅमेऱ्यांना कसं द्यायचं? दोन पर्याय उरले की हेच विचारा: कुठला चालवण्यासाठी मला स्वतःची माहिती घालावी लागतेय? तो सोडा.

पाचवा_पर्याय
वरच्याला +१. ‘फ्लॉ’बद्दल थोडं.

‘वीकन’चा पर्याय नवी माहिती आणतो आणि ती खरी मानायची असते, ‘इफ ट्रू’ त्यासाठीच लिहिलेलं असतं. ‘फ्लॉ’चा पर्याय नवं काही आणत नाही, समोरच्या युक्तिवादात घडलेल्या चुकीचं वर्णन करतो. म्हणून तिथे दोन तपासण्या: हे या उताऱ्यात खरंच घडलंय का? आणि घडलं असेल तर ती चूक आहे का? ‘नमुना फार लहान आहे’ हे वर्णन ऐकायला भारदस्त, पण उताऱ्यात नमुनाच नसेल तर पहिल्याच तपासणीत बाद.

पर्यायाची सुरुवात बघा. ‘टेक्स फॉर ग्रांटेड दॅट’ (अमुक गृहीत धरतो) असेल तर पुढचं विधान उलटं करून पाहा. त्याने युक्तिवाद कोसळला तरच ते गृहीतक. ‘ओव्हरलुक्स द पॉसिबिलिटी दॅट’ (अमुक शक्यता लक्षात घेत नाही) असेल तर पुढची शक्यता खरी धरा. युक्तिवादाला धक्का बसला तर उत्तर बरोबर. म्हणजे हा दुसरा प्रकार थेट ‘वीकन’सारखाच तपासता येतो.

वारंवार येणाऱ्या चुका: आवश्यक अटीला पुरेशी अट समजणं, टक्केवारीवरून थेट संख्येवर जाणं, भागाचा गुण पूर्णाला चिकटवणं, पुरावा नाही म्हणून दावाच खोटा ठरवणं, मुद्दा सोडून माणसावर घसरणं.

मृण्मयी_स
धन्यवाद, ब आणि इ मधला फरक नीट कळला. पण एवढं सगळं वेळेत बसतं का? आणि प्रश्नात ‘एक्सेप्ट’ (एक सोडून बाकी सगळे) असला की गोंधळ होतो.

शब्दशः
३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न, म्हणजे एकाला सरासरी सव्वा मिनिटाहून थोडं जास्त. त्यातला निम्मा वेळ उताऱ्यावर गेला तरी चालेल. उडी सापडली की पर्याय भराभर उडतात. दोनांत अडकलात तर एक निवडा, प्रश्नाला फ्लॅग लावा आणि पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. (सोबत क्लॅट, म्हणजे भारतातली कायद्याची प्रवेश परीक्षा, देणार असाल तर तिथे प्रत्येक चुकीला ०.२५ गुण जातो, ही सवय तिकडे नेऊ नका.)

‘वीकन एक्सेप्ट’मध्ये चार पर्याय युक्तिवाद दुबळा करतात. उरलेला त्याला बळकटी देणाराच असेल असं नाही, नुसता असंबद्धही चालतो. प्रत्येकापुढे कच्च्या कागदावर ‘दुबळा’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा. ज्याच्यापुढे ‘नाही’ येईल ते उत्तर.

पाचवा_पर्याय
सरावासाठी लॉहबवर (एलसॅट घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर) खातं काढा, परीक्षेत दिसतो तोच स्क्रीन तिथे मिळतो आणि काही जुने पेपर मोफत आहेत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला दोन ओळी लिहा: बरोबर पर्याय नेमकी कुठली उडी पकडतो, आणि मी निवडलेल्यात कुठला शब्द घात करतो. दुसरी ओळ लिहायला जड जाते, पण ‘काही’, ‘आधी’, ‘बहुतेक’ असे निसटणारे शब्द तिच्यातूनच नजरेत भरायला लागतात.