मदत हवी आहे : पैरा, भिशी आणि घरातली चप्पल नकाशावर कशी मांडायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण गेले चार महिने कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांचा एक सामाईक नकाशा करतोय. चारचौघांनी मिळून चालवलेले, चारचौघांच्याच मालकीचे व्यवहार त्यावर यावेत अशी इच्छा आहे. बचत गटांची मसाल्याची केंद्रं, पाणीपुरवठा संस्था, चप्पल कारागीर, तालमीत चालणारी जुन्या पाठ्यपुस्तकांची देवघेव, भिशी, पैरा (एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणं). निम्मं काम झालंय, पुढं अडलंय.

पहिली अडचण 'सहकारी' या शब्दाचीच. आपल्याकडं गावात शिरलं की दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था अशा दोन-तीन पाट्या दिसतातच. १९६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या या संस्थांच्या याद्या सरकारकडं आहेत. केंद्रानं २०२४ मध्ये देशभरातल्या आठ लाखांवर सहकारी संस्थांची माहिती एका जागी आणली. तीच यादी आम्ही पुन्हा नकाशावर टोचायची का? उलट राधानगरीकडं माझ्या आत्तीच्या गावात रोपलावणीला आठ घरं पैऱ्यानं राबतात. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. वही नाही, पाटी नाही, पण कुणाचा एक दिवस फिटायचा राहिलाय हे आत्तीला तोंडपाठ असतं. हे कुठल्याच यादीत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

ब्राझीलमध्ये २००५ ते २००७ या काळात अशा व्यवहारांची देशभर नोंद झाली, २१ हजारांवर गट सापडले. त्यांची कसोटी अशी होती : एकाहून जास्त कुटुंबं हवीत, कारभार सभासदांच्या हाती हवा, काम कायमचं हवं. कागदोपत्री नोंदणी असो वा नसो. आम्ही हीच कसोटी उचलली आणि कोल्हापुरातल्या सुभाषनगरात, चप्पल कारागिरांच्या वस्तीत, अडकलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काम आजही घराघरात चालतं. आम्ही गेलो त्या घरांत कातडं कापणं पुरुषांकडं होतं आणि वेण्या घालणं बायकांकडं. म्हणजे एका कुटुंबाचा धंदा. पण कातडं चार-पाच घरं मिळून आणतात. यांना वगळायचं?

तिथंच दुसरा प्रश्न उभा राहिला. वेण्या घालणाऱ्या एका मावशींना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "नाव घाला, घर नको." त्यांचं घर हाच कारखाना. टाचणी लावली की घराचा पत्ता जगापुढं. भिशीवाल्या बायकांनी तर सरळ नाही म्हटलं. एकीच्या घरी भिशीचं माहीतच नाही, आणि तो पैसा तिच्या अडीअडचणीचा आहे. तो उघड करायचा अधिकार आम्हाला नाही.

एक चूकही सांगून टाकते. सुरुवातीला आमच्यातल्या एकानं दुसऱ्या एका नकाशावरून चाळीसेक दुकानं ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येते असा जगाचा खुला नकाशा) उतरवली. परवान्यात ते बसत नाही, असं तिथल्या एका स्वयंसेवकानं कळवल्यावर सगळी काढली. आता पायी फिरूनच नोंदी घेतो.

तर, काय घ्यावं, काय सोडावं, आणि कुठल्या साधनात ठेवावं?

प्रतिसाद १ (इचलकरंजी)

ताई, दोन थर वेगळे ठेवा. जे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं आणि तपासता येतं, तेवढंच ओपनस्ट्रीटमॅपवर. पाटी असलेली दूध संस्था, केंद्र, दुकान. तिथं नाव मराठीत वेगळ्या रकान्यात घाला, चालवणारी संस्था सहकारी असल्याची खूण करता येते, शेवटचं कधी तपासलं तेही नोंदता येतं. ही तारीख विसरू नका. असे नकाशे मरतात ते जुन्या नोंदींनीच. ओपनस्ट्रीटमॅप सगळ्या जगाचं आहे, तिथं भिशी किंवा पैरा घालू नका.

बाकीचं यूमॅपवर, म्हणजे स्वतःचा नकाशा करायच्या संकेतस्थळावर. त्याचा पाया तोच नकाशा, पण वरचे थर तुमचे. तक्त्यातून नोंदी चढवता येतात, टाचणीऐवजी भागही रंगवता येतो. मावशींसाठी घर न दाखवता अख्खी वसाहत रंगवा आणि संपर्काला गटाचा एकच नंबर द्या. तोही गटाला विचारूनच.

प्रतिसाद २ (गडहिंग्लज)

मी विकास सेवा संस्थेचा सचिव होतो, आता निवृत्त आहे. नोंदलेल्या संस्था सरसकट सोडू नका आणि सरसकट घेऊही नका. दप्तर बघण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. वार्षिक सभेत साध्या सभासदाला बोलता येतं का? उरलेला पैसा कुठं जातो? नवा सभासद घेतात, की घराण्यातच ठेवतात? आणि हे अध्यक्षांना विचाराल तर उत्तरं छान मिळतील. संकलन केंद्रावर सकाळी दूध घालायला येणाऱ्यांना विचारा.

चपलेचं म्हणाल तर घर घेऊ नका, कातडं मिळून आणणारी चार-पाच घरं हा एक गट धरा. सहकार तिथंच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. "घर घेऊ नका, गट धरा" हे वाचल्यावर दोन आठवड्यांचा वाद मिटला. रविवारी पुन्हा सुभाषनगरात जातोय, मावशींना रंगवलेला भाग दाखवूनच पुढचं करू. भिशी नकाशावर येणार नाही, हे आता पक्कं.

पैऱ्यासाठी गावाचा शिवार रंगवून त्यावर महिना लिहायचं ठरतंय, कारण जून-जुलैत जे दिसतं ते डिसेंबरात दिसत नाही. आजरा आणि चंदगडकडची कुणी मंडळी इथं असतील तर सांगा, तुमच्याकडं याला पैराच म्हणतात की दुसरा शब्द आहे? रोपलावणीशिवाय आणखी कुठल्या कामाला चालतो? नकाशावर गावातलाच शब्द लिहायचा आहे.