मदत हवी आहे : गस्तीचे तास पैशात कसे मांडायचे?

एका समुदायाच्या जंगल राखणाऱ्या गटासाठी निधीचा अर्ज लिहितेय आणि 'स्वतःचं योगदान' या रकान्यापाशी अडकलेय. रोख रक्कम शून्य. पण गस्त, पाणवठ्यावरच्या नोंदी, वणवा विझवणं हे सगळं लोक विनामोबदला करतात. हजेरीची वही आहे : तारीख, तास, कुठे काय दिसलं.

मजुरीच्या दराने गुणून पाहिलं. आकडा इतका किरकोळ आला की कामाची थट्टाच वाटली. शिवाय वणव्याची रात्र आणि दुपारची पक्षीमोजणी एकाच भावात कशी धरायची?

२०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्याचं (निसर्ग जपण्यासाठी देशांनी मिळून ठरवलेली जागतिक लक्ष्यं) १९ वं लक्ष्य वाचलंय. २०३० पर्यंत वर्षाला किमान २०० अब्ज डॉलर उभे करायच्या त्या लक्ष्यात आदिवासी व स्थानिक समुदायांच्या सामूहिक कृतीचाही उल्लेख आहे. अर्जात त्याचा आधार घेणार आहे, पण उल्लेखाने रकाना भरत नाही.

कृपया ॲप सुचवू नका; बहुतेक जण तोंडी सांगतात, एक जण लिहितो. आणि औषधी वनस्पतींच्या जागा बाहेर द्यायच्या नाहीत, असं गटाने ठरवलंय.

ज्यांनी असं योगदान देणगीदाराकडून मान्य करून घेतलंय, त्यांनी तासांचं मोल कसं धरलं, आणि पुरावा म्हणून वहीतलं किती दाखवलं?