मदत हवी आहे: सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडताच मराठी नावे बिघडतात

आमच्या ग्रंथालयाच्या वेब अ‍ॅपमधून सभासदांची यादी यूटीएफ-8 (सर्व लिप्यांची अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) स्वरूपात उतरवून ती विंडोजवरील एक्सेलमध्ये थेट उघडली, की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन अगम्य चिन्हे दिसतात आणि त्यांतले पहिले नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ असते. नोटपॅडमध्ये तीच फाइल स्वच्छ दिसते, म्हणजे डेटा शाबूत आहे. फाइलच्या आरंभी बीओएमचे (मजकूर यूटीएफ-8 असल्याची अदृश्य खूण) 3 बाइट जोडल्यास एक्सेलचा प्रश्न सुटतो. मात्र मग तीच फाइल वाचून एसएमएस पाठवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टला ‘क्रमांक’ हा पहिलाच स्तंभ सापडत नाही, कारण ती खूण त्याच्या नावाला चिकटते. (दर वेळी आयात करताना 65001 (विंडोजमधील यूटीएफ-8चा क्रमांक) निवडा, असे कार्यालयातील मंडळींना सांगणे व्यवहार्य नाही.) तेव्हा दोन स्वतंत्र निर्यात बटणे द्यावीत, की एक्सेलसाठी सरळ एक्सएलएसएक्स (एक्सेलच्या स्वतःच्या स्वरूपातील) फाइलच तयार करावी? जाणकारांनी कृपया सुचवावे.